क्षीरप बालकाचे आंत्र, त्यातील रक्षक पेशी आणि आपली कृमिघ्न औषधे

काही वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. पूर्णा तालुक्यातील एका खेड्यातून ४५ दिवसांचे बालक चिकित्सेसाठी आले. चार दिवसांपासून पाण्यासारखे पातळ व पिवळसर मलप्रवर्तन, दिवसातून दहा-बारा वेळा. बालकासोबत आई व आजी. आजीबाईंनी निदान आधीच केले होते. “डाक्टरसाहेब, लेकराला जंत झालेत. पांढरं पांढरं पडतंय बघा.” एवढेच नव्हे, तर गावातील दुकानातून आणलेले कृमिघ्न सिरप दोन वेळा पाजूनही झाले होते. लंगोट पाहिले. पांढरे दिसत होते ते न पचलेल्या दुधाचे कण होते. जंत नव्हते, एवढे मी बरोबर ओळखले. पुढचे मात्र चुकलो. स्तन्यदुष्टी गृहीत धरून मातेस स्तन्यशोधन गणाचा काढा दिला, बालकास मुस्ता व अतिविषा अल्प मात्रेत दिली आणि तीन दिवसांनी बोलावले. तिसऱ्या दिवशी बालक आले तेव्हा टाळू खोल गेली होती, ओठ कोरडे पडले होते आणि चोखण्याचा जोर कमी झाला होता. त्याच तासाला परभणीस बालरोगतज्ज्ञांकडे रवाना केले. तेथे मलाची विशिष्ट रंजनपद्धतीने तपासणी झाली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल, गोल, अत्यंत सूक्ष्म असे कण दिसले. निदान झाले क्रिप्टोस्पोरिडियम.

अकराव्या दिवशी बालक बरे होऊन घरी गेले. नंतर मातेला सविस्तर विचारले तेव्हा कळले की, अंगावरचे दूध कमी पडते म्हणून प्रसूतीनंतर दहाव्या दिवसापासूनच म्हशीचे दूध निम्मे पाणी घालून बाटलीने दिले जात होते. पाणी टँकरचे, न उकळलेले. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता, तो मी विचारला नाही. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

जंताचे साधे गणित

नवजात व क्षीरप बालकाच्या प्रत्येक तक्रारीस ‘जंत’ हे उत्तर देण्याची आपल्याकडे सवय आहे. बालक दात खात असेल, रडत असेल, पोट फुगले असेल किंवा गुदभागी लाली असेल, तर पालक औषधाच्या दुकानात जाऊन जंताचे औषध मागतात आणि ते मिळतेही. यातील विसंगती समजण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. गोल जंताचे, म्हणजे ॲस्कॅरिसचे, अंडे मलावाटे बाहेर पडल्यावर ते मातीत दोन ते तीन आठवडे पक्व व्हावे लागते, त्यापूर्वी ते कोणालाही बाधा करीत नाही. पक्व अंडे पोटात गेल्यावर त्यातील अळी आंत्रभित्तीतून यकृतात व फुप्फुसात जाते, तेथून घशामार्गे पुन्हा आंत्रात येते आणि अंडी घालणारी मादी तयार होईपर्यंत दोन ते तीन महिने लोटतात. दीड महिन्याच्या बालकाच्या मलात मोठा जंत दिसावयाचा तर त्यास जन्मापूर्वीच माती खावी लागेल!

आपल्या ग्रंथांचा विचार केला तरी निष्कर्ष वेगळा निघत नाही. पुरीषज व कफज कृमींचे हेतू म्हणून अजीर्णाशन, मधुर-अम्ल रसांचा अतियोग, पिष्टान्न, गूळ, विरुद्धाशन, दिवास्वाप व अव्यायाम यांचा उल्लेख येतो. दिवास्वाप सोडला तर यांपैकी एकही हेतू क्षीरप बालकाच्या ठायी संभवत नाही, आणि बालकाची निद्रा ही तर त्याची प्रकृतीच आहे. सुश्रुताचार्यांनी एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व त्यापुढे अन्नाद असे जे विभाग केले, ते कृमिचिकित्सेत आपण वापरतच नाही. जंतांचा खरा प्रांत क्षीरान्नाद अवस्थेत, म्हणजे मूल रांगू लागते व माती तोंडात घालू लागते तेव्हा सुरू होतो. शासनाची राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम २०१५ साली सुरू झाली. तीतही अल्बेंडाझोल एक वर्षाच्या पुढील बालकांनाच दिले जाते. एक ते दोन वर्षांपर्यंत अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, व त्यापुढे ४०० मिलिग्रॅम.

मग क्षीरप बालकाच्या आंत्रात परोपजीवी नसतातच काय? असतात, पण ते डोळ्यांना दिसणारे नव्हेत. जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम हे एकपेशीय जीव त्या वयातही शिरकाव करू शकतात. त्यांतही दुसऱ्याची ओळख आपल्या वर्गात फार थोड्यांना आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

उंबरठ्यावर बसणारा शत्रू

टायझर या अमेरिकन संशोधकाने १९०७ साली उंदरांमध्ये हा जीव प्रथम वर्णिला. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे ती केवळ एक शास्त्रीय कुतूहलाची बाब राहिली, कारण मनुष्यातील पहिले रुग्ण नोंदले गेले ते १९७६ साली. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांत न थांबणारा अतिसार आढळू लागला तेव्हा जगाचे लक्ष त्याकडे गेले. १९९३ साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक बाधित झाले. पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेले होते आणि त्यात क्लोरीनही होते. परंतु या जीवाचे कवचबद्ध रूप, ज्याला ऊसिस्ट म्हणतात, ते पिण्याच्या पाण्यात घातल्या जाणाऱ्या क्लोरीनला दाद देत नाही. त्याचा व्यास अवघा ४ ते ६ मायक्रॉन. उकळण्याने मात्र ते निश्चित मरते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात ज्या गावांना टँकर जातात, तेथे ब्लिचिंग पावडर टाकली म्हणजे काम झाले असे मानले जाते, म्हणून हा तपशील ध्यानी ठेवावा.

१९९५ साली निरोगी प्रौढ स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात सुमारे १३२ ऊसिस्ट पोटात गेल्याने निम्म्या लोकांना बाधा झाली. १३२ कणांना पाण्याचा एक लहानसा थेंब पुरतो. ही संख्या प्रौढांची आहे, हेही विसरू नये.

भारतातील बालकांत याचे प्रमाण किती, असा प्रश्न साहजिकच पडेल. आशिया व आफ्रिकेतील सात देशांत झालेल्या ज्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, त्यात कोलकाता हे भारतातील केंद्र होते. मध्यम ते तीव्र अतिसाराच्या ९,४३९ बालकांची तुलना १३,१२९ निरोगी बालकांशी करण्यात आली. एक वर्षाखालील बालकांत रोटाव्हायरसच्या खालोखाल दुसरा क्रमांक क्रिप्टोस्पोरिडियमचा निघाला. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून आपल्या राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. या दुसऱ्यासाठी आजही लस नाही, आणि नायटाझॉक्सनाइड हे जे औषध अमेरिकेत २००२ साली मान्य झाले ते एक वर्षाच्या पुढील मुलांसाठी. म्हणजे ज्या वयात भय सर्वाधिक, त्या वयात बालकाची भिस्त दोनच गोष्टींवर उरते. एक त्याचे स्वतःचे आंत्र आणि दुसरी मातेचे स्तन्य.

या जीवाची राहण्याची जागा विलक्षण आहे. ऊसिस्ट लघ्वंत्रात फुटले की त्यातून चार चंद्रकोरीच्या आकाराचे जीव निघतात व आंत्राच्या अस्तरपेशीस चिकटतात. पेशी आपले आवरण त्यांच्यावर ओढून घेते. परंतु जीव पेशीच्या गाभ्यात उतरत नाही, आवरणाखाली, पेशीद्रव्याच्या वर राहतो. घरात शिरला खरा, पण उंबरठा ओलांडून माजघरात गेला नाही, असा हा प्रकार. रक्तातील संरक्षक घटक त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाहीत. त्यामुळे लढाई करावी लागते ती आंत्राच्या अस्तराला व त्यालगतच्या पेशींना.

आंत्रातील पहारा

आंत्राचे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते आणि दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. त्यावर श्लेष्म्याचा थर असतो. अस्तराच्या मधूनमधून व खाली निरनिराळ्या रक्षक पेशी वस्ती करून असतात. त्यांपैकी एका जातीस, शाखा फुटल्यासारख्या आकारामुळे, डेन्ड्रिटिक पेशी म्हणतात. स्टाइनमन यांनी त्या १९७३ साली वर्णिल्या आणि त्याबद्दल त्यांना २०११ चे नोबेल मिळाले. (पारितोषिक जाहीर होण्याच्या तीनच दिवस आधी ते निवर्तले होते.) या पेशींचे काम गावच्या कोतवालासारखे. शत्रूचा तुकडा उचलावयाचा, जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन वर्दी द्यावयाची आणि प्रसंगी तेथल्या तेथे दवंडी पिटून इतरांना बोलवावयाचे.

फ्रान्समधील संशोधकांनी २०१३ साली नवजात उंदरांवर जे काम प्रसिद्ध केले, त्यातून क्रिप्टोस्पोरिडियमविरुद्ध या कोतवालांचे महत्त्व स्पष्ट झाले. प्रौढ उंदीर या जीवास सहसा दाद देत नाही, नवजात उंदीर मात्र हमखास बाधित होतो. कारण शोधता असे दिसले की, सीडी-१०३ ही खूण धारण करणाऱ्या डेन्ड्रिटिक पेशी नवजात आंत्रात, दूध तुटेपर्यंतच्या पहिल्या आठवड्यांत, फारच थोड्या असतात. त्या थोड्या का, तर त्यांना बोलावणारे रासायनिक संदेश नवजात अस्तरपेशी पुरेशा प्रमाणात सोडीत नाहीत. संशोधकांनी एक वाढकारक प्रथिन देऊन या पेशींची संख्या वाढविली तेव्हा तीच नवजात पिले बाधेस बऱ्याच अंशी दाद देईनाशी झाली. उलट या वर्गाच्या पेशी काढून टाकल्या तेव्हा नवजात काय, प्रौढ उंदीरही दुबळा ठरला.

यातील चिकित्सकाला विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे आहे. नवजात पिलू दुबळे असले तरी बहुधा मरत नाही, काही दिवसांनी बरे होते. बाधा सुरू झाली की इंटरफेरॉन-गॅमा हा संदेश निर्माण होतो. त्याने अस्तरपेशी जाग्या होतात व त्या डेन्ड्रिटिक पेशींना बोलावणारे द्रव्य सोडू लागतात. पेशी वेगाने जमा होतात, त्या स्वतः इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्यूकिन-१२ निर्माण करतात. इंटरफेरॉनमुळे अस्तरपेशीच्या आतील परजीवीची वाढ खुंटते आणि आणखी पेशीही येत राहतात. एकदा हे चक्र फिरू लागले की बाधा ओसरते. म्हणजे नवजात आंत्र निःशस्त्र नाही, त्यास सैन्य जमविण्यास काही दिवस लागतात. ते दिवस निभावून नेणे, बालकाच्या शरीरातील जल टिकविणे, हेच आपले काम. माझ्या त्या रुग्णात मी नेमके हेच दिवस घालविले.

याच गटाचे २०१४ चे एक निरीक्षणही येथे नोंदवितो. विषाणूच्या घटकासारखे भासणारे एक द्रव्य देऊन नवजात पिलांचे रक्षण करता आले, परंतु त्यासाठी आंत्रातील स्वाभाविक जंतुसमूहाकडून येणारा दुसरा संकेतही आवश्यक होता. आंत्रातील हे रहिवासी केवळ उपद्रवी नव्हेत, पहाऱ्यात त्यांचाही वाटा आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात वीस प्रकारच्या कृमींची गणना करताना सहज कृमींना त्यातून वगळले आहे, हे वाचकांना आठवेलच. याचा अर्थ चरकांना जीवाणू ठाऊक होते, असा काढण्याचा मोह मी टाळतो. आपल्या नियतकालिकांत असे दावे फार होतात व त्याने शास्त्राची शोभा वाढत नाही. शरीरात जन्मतः असणारा प्रत्येक सूक्ष्म जीव हा नाश करण्याचा विषय नव्हे, एवढी दृष्टी मात्र त्या वगळण्यात निश्चित आहे. साध्या पातळ मलासाठी दोन महिन्यांच्या बालकास प्रतिजैविकाचे थेंब देणाऱ्यांनी, आणि त्यांत आपलेही काही व्यवसायबंधू आहेत, हे लक्षात घ्यावे.

उंदीर तो उंदीर आणि मनुष्य तो मनुष्य, हेही सांगितले पाहिजे. उंदराचे पिलू फार अपक्व जन्मते. मानवी गर्भाच्या आंत्रात रक्षक पेशींची जडणघडण गर्भावस्थेतच बरीच पुढे गेलेली असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत गर्भाच्या आंत्रात स्मृतिधारक लसिकापेशीही आढळल्या. तेव्हा उंदरातील आकडे बालकास लावू नयेत. मानवी नवजातातही इंटरफेरॉन-गॅमाचा प्रतिसाद प्रौढापेक्षा मंद असतो आणि स्वतःचे स्रावी इम्युनोग्लोब्युलिन-ए जन्मसमयी जवळजवळ नसते, हे मात्र मान्य झालेले आहे. ती उणीव भरून काढण्याची योजना निसर्गाने बालकाच्या शरीराबाहेर केली आहे.

पीयूष, चीक आणि खरवस

आपल्या भागातील शेतकऱ्यास हा विषय समजावणे सोपे आहे, कारण तो त्याने गोठ्यात पाहिलेला असतो. गाईच्या वारेतून वासराकडे संरक्षक प्रतिद्रव्ये जात नाहीत. वासरू त्या दृष्टीने रिकामे जन्मते व पहिल्या चोवीस तासांत चीक मिळाला नाही तर पुढे ते दगावण्याची भीती असते. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने लाल कंधारी वा म्हशी पाळणाऱ्या अनेकांच्या कानावर हे गेले आहे. तरीही खरवसाच्या मोहाने वासराच्या वाट्याचा चीक पातेल्यात जातोच. एक ते चार आठवड्यांच्या वासरांना जी हगवण लागते तिच्या प्रमुख कारणांत क्रिप्टोस्पोरिडियम आहे आणि बाधित वासरू अब्जावधी ऊसिस्ट शेणावाटे टाकते. त्यातील एक जाती मनुष्यासही बाधते. गोठ्यातून आलेल्या हातांनी बाळाची बाटली भरली जाते, तेव्हा हे जोडून पाहावे.

मनुष्याचे थोडे निराळे. मातेकडून इम्युनोग्लोब्युलिन-जी वारेतूनच बालकास मिळते. ते रक्तात असते, आंत्राच्या पृष्ठभागावर त्याचा उपयोग मर्यादित. तेथे लागते इम्युनोग्लोब्युलिन-ए, आणि ते येते स्तन्यातून. पहिल्या दिवसांच्या पीयूषात ते लिटरमागे अनेक ग्रॅम असते, पुढील दुधात सुमारे एक ग्रॅम वा त्याहून कमी. त्याची निर्मिती कशी होते पाहा. मातेच्या आंत्रातील पायर यांच्या लसिकापुंजांत ज्या जंतूंची ओळख झाली, त्यांविरुद्ध तयार झालेल्या पेशी रक्तमार्गे स्तनात येऊन वस्ती करतात. ज्या आडाचे पाणी माता प्याली, त्याच आडातील शत्रूंविरुद्धचे प्रतिद्रव्य तिच्या दुधात उतरते. डब्यातील कोणत्याही भुकटीस हे शक्य नाही. ढाक्यातील बालकांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मातेच्या दुधात या परजीवींविरुद्धची प्रतिद्रव्ये अधिक असल्यास बालकास क्रिप्टोस्पोरिडियम व अमीबा यांची बाधा कमी होते, असे दिसले. जिआर्डियाबाबत तर प्रतिद्रव्याचीही गरज नाही. १९८३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनानुसार मानवी दूध जिआर्डिया व अमीबा यांना प्रयोगनळीत थेट मारते. दुधातील एक लायपेज पित्तक्षारांच्या सान्निध्यात कार्यरत होऊन स्निग्ध आम्ले मोकळी करते व ती परजीवीस घातक ठरतात. गाईच्या दुधात तो गुण आढळला नाही.

पीयूष पिळून टाकण्याची प्रथा आता पुष्कळ कमी झाली असली तरी संपलेली नाही, आणि तिच्या समर्थनार्थ कधीकधी ग्रंथाचा आधार दिला जातो. वाग्भटांनी स्तन्य तिसऱ्या वा चौथ्या दिवशी प्रवृत्त होते असे म्हटले आहे, म्हणून तोपर्यंत मध-तूप. ते वचन दूध भरून येण्याच्या काळाचे निरीक्षण आहे, पहिला चीक टाकून द्या अशी आज्ञा नव्हे. चरकाचार्य जातकर्मानंतर लगेच उजवे स्तन देण्यास सांगतात. दोन आचार्यांत भेद दिसला तर बालकाच्या हिताचा पक्ष घ्यावा.

मध, सहाण आणि सुवर्ण

येथे काही व्यवसायबंधूंची नाराजी पत्करून लिहितो. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, असे माझे आता मत झाले आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमची बीजे असू शकतात. प्रौढांच्या आंत्रात ती निरुपद्रवी ठरतात, परंतु शिशूच्या अपक्व आंत्रात रुजून विष निर्माण करू शकतात. शिशूंमधील हा विकार १९७६ साली ओळखला गेला. तो विरळ आहे हे खरे, पण बालकाचे आंत्र प्रौढासारखे नसते हेच जर आपण शिकत असू, तर हा अपवाद कशाच्या बळावर करावा?

पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनाचे फलक आता तालुक्याच्या गावीही लागतात. काश्यपसंहिता नेपाळात हाती लागली व १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून छापून आली. त्यातील लेहाध्याय या उपक्रमाचा आधार आहे. तो अध्याय पूर्ण वाचावा. कोणास लेह द्यावा हे सांगतानाच कोणास देऊ नये हेही तेथे सांगितले आहे आणि ज्वर व अतिसार असलेली बालके त्या दुसऱ्या यादीत आहेत. शिबिरात रांगेत उभ्या असलेल्या बालकास काल किती वेळा शी झाली, हे किती जण विचारतात? सुवर्णप्राशनाने जंत होत नाहीत, असेही काही पत्रकांवर छापलेले मी पाहिले आहे. ग्रंथात तसे नाही आणि प्रयोगानेही ते सिद्ध झालेले नाही.

बाळगुटीविषयी माझी भूमिका मवाळ होती. वेखंड, मुरुडशेंग, अतिविष, हळकुंड, हिरडा, सागरगोटा यांचे एक-दोन वेढे सहाणेवर उगाळून दिल्याने फारसे बिघडत नाही, असे मी पूर्वी म्हणत असे. आता द्रव्यांपेक्षा सहाणेची व पाण्याची भीती वाटते. ज्या सहाणेवर रोज उगाळावयाचे ती नुसती खंगाळून ठेवली जाते, मुरुडशेंगेच्या पिळ्यात ओल राहते आणि पाणी माठातले. १३२ हा आकडा येथे आठवावा. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपान, हेच मी आता सांगतो. आजीबाईंचा आग्रह फारच असेल तर गुटी मातेने घ्यावी. स्तन्यामार्गे बालकाची चिकित्सा ही आपल्या शास्त्राचीच रीत आहे आणि तीत कोणाचा मानभंगही होत नाही.

कृमिघ्न द्रव्यांपैकी विडंग, पलाशबीज, कंपिल्लक व किरमाणी ओवा यांना क्षीरप बालकात स्थान नाही. किरमाणी ओव्यातील सँटोनिनने दृष्टीस सर्व पिवळे दिसू लागते, हे जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. स्तनपान देणाऱ्या मातेसही ही द्रव्ये बालकाच्या ‘जंतां’साठी देऊ नयेत. चरकोक्त अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन या तीन उपायांपैकी या वयात तिसराच मुख्य ठरतो.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या त्रैमासिकाचे वाचक असलेल्या दुकानदार मित्रांच्या हाती येथे वैद्याहून अधिक आहे, कारण ग्रामीण भागात बालक प्रथम त्यांच्याकडे येते. जंताचे औषध मागितल्यास बालकाचे वय विचारावे आणि ते एक वर्षाखाली असल्यास, मग ते अल्बेंडाझोल असो वा आयुर्वेदीय सिरप, बाटली कपाटातच राहू द्यावी. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे मला मान्य आहे. त्याऐवजी ओआरएसचे पाकीट द्यावे, ते एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात संपूर्ण घालावयाचे, अर्धे-अर्धे नव्हे, हे सांगावे आणि स्तनपान थांबवू नये असे बजावावे. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी दोन ते सहा महिन्यांच्या बालकास अर्धी व त्यापुढे पूर्ण, १४ दिवस. मल सुधारला तरी मध्ये थांबवावयाची नाही. दोन महिन्यांखालील बालकास अतिसार असेल तर मात्र विक्री करीत न बसता डॉक्टरांकडे पाठवावे. टाळू खोल जाणे, सहा तास लघवी न होणे, दूध न ओढणे, मलात रक्त किंवा बालक निपचित पडणे यांपैकी एक जरी दिसले तरी रात्रीची एसटी चुकली म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

दूधभुकटी व दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करणे, त्यांवर सवलत देणे किंवा त्या खपाव्यात म्हणून दर्शनी मांडणे हे १९९२ च्या कायद्याने व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने निषिद्ध आहे. आपल्या बाजारपेठेत हा कायदा ठाऊक असलेले दुकानदार मला फार थोडे भेटले.

वैद्यमित्रांसाठी एक व्यवहाराची सूचना. नेहमीच्या मलपरीक्षणात क्रिप्टोस्पोरिडियम दिसत नाही, दिसले तरी किण्वपेशी समजून सोडून दिले जाते. चिठ्ठीवर ‘क्रिप्टोस्पोरिडियमसाठी सुधारित झील-नील्सन रंजन’ असे स्पष्ट लिहावे लागते. क्षयाच्या थुंकीसाठी जे रंग वापरतात तेच येथे चालतात, केवळ रंग उडविण्यासाठीचे आम्ल सौम्य घ्यावयाचे असते. त्यामुळे जेथे थुंकी तपासली जाते त्या प्रत्येक ठिकाणी ही तपासणी होऊ शकते. ऊसिस्ट सतत पडत नसल्याने एक नमुना निर्दोष आला तरी दोन-तीन दिवसांच्या अंतराने आणखी दोन नमुने पाठवावेत.

ते पूर्ण्याकडचे बालक पुढे वर्षभर माझ्याकडे येत राहिले. मातेचे दूध कमी नव्हतेच, बाटलीमुळे बालक ओढत नव्हते आणि न ओढल्याने दूध येत नव्हते. बाटली बंद करून दर दोन तासांनी अंगावर घेण्यास सांगितले, मातेस शतावरी कल्प दिला, परंतु श्रेय शतावरीपेक्षा वारंवार पाजण्याला द्यावे लागेल. तीन आठवड्यांत स्तन्य पुरेसे झाले. आठव्या महिन्यात वरणभात सुरू असताना आजीबाईंनी पुन्हा विचारले, “आता तरी जंताचं देऊ का?” वर्ष पूर्ण झाल्यावर अंगणवाडीत अर्धी गोळी मिळेल, तोवर नखे कापत जा, असे सांगितले.